वारा समोरून, घरही समोर

बदलापूरच्या खरवईतून समुद्र दिसत नाही. तरीही 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' इथल्या मुलांना तोंडपाठ असतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी दोन्हीला वेळ घेते, हे कारणही मुले बिनचूक लिहितात. पण याच वाऱ्यांवर किनाऱ्यावरच्या माणसांचे रोजचे जाणे-येणे चालत असे, ही गोष्ट वर्गात सहसा निघत नाही. इंजिने येण्यापूर्वी कोळी पहाटेच्या मतलईवर शीड उभारून बाहेर पडत आणि दुपारी खारे वारे सुटले की त्यांच्यावर परत येत. निसर्गाने सोय अशी केली आहे की वारा दोन्ही वेळा पाठीशी यावा!

आता मुलांना विचारून पाहा: एखाद्या दिवशी खारे वारे सुटलेच नाहीत तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस मुंबई अचानक तापते आणि वर्तमानपत्रात पाऱ्याचा आकडा छापून येतो. त्या दिवशी बहुधा जमिनीवरून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्यांनी जोर धरलेला असतो आणि खारे वारे उशिरा येतात. शहरातल्या माणसाला याचा अर्थ घाम. शीड असलेल्या होडीतल्या माणसाला याचा अर्थ असा, की घर ज्या दिशेला आहे नेमका त्याच दिशेने वारा अंगावर येतो आहे. मग घरी जायचे कसे?

या लेखात आपण हाच एक प्रश्न सोडवणार आहोत. त्यासाठी एक प्रसंग कल्पू या. खरवईजवळची उल्हास नदी खाली वाहत कल्याणला पोहोचते आणि तिथे तिची खाडी होते, म्हणजे भरतीचे पाणी तिथवर चढते. पुढे ठाण्याच्या उत्तरेने, घोडबंदरावरून जाऊन ती वसईपाशी समुद्राला मिळते. त्या मुखाशी, वसईच्या पाचूबंदरहून, पाच मित्र लाकडी मासेमारी होडी घेऊन पहाटे निघाले आहेत. इंजिन नाही, एक डोलकाठी आणि एक तिकोनी शीड आहे. महिना फाल्गुन, तिथी पंचमी. दुपारचे दोन वाजले आहेत. किनारा सरळ पूर्वेला ४ किलोमीटर आहे आणि वाराही सरळ पूर्वेचा आहे. पाचांपैकी एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. शब्द त्याचाच चालतो, मैत्री किनाऱ्यावर.

शीड ढकलते की ओढते?

बहुतेक मुलांची समजूत अशी असते की शीड म्हणजे वारा अडवणारी पिशवी. वारा पिशवीत भरतो आणि होडी ढकलली जाते. वारा पाठीमागून असेल तर हे जवळजवळ खरे आहे. पण या समजुतीप्रमाणे समोरच्या वाऱ्यात होडी फक्त मागेच जाऊ शकेल.

शीड वाऱ्याशी थोड्या कोनात धरले की ते वाऱ्याला अडवण्याऐवजी वळवते. वारा शिडाच्या फुगीर पाठीला लगटून वळतो आणि मागच्या बाजूला फेकला जातो. शिडाने हवेला एका दिशेला ढकलले, म्हणजे हवेने शिडाला उलट दिशेला ढकलले: न्यूटनचा तिसरा नियम. काही पुस्तकांत याचे स्पष्टीकरण वेगळे असते. फुगीर बाजूच्या हवेला लांबचा रस्ता असतो, तिला दुसऱ्या बाजूच्या हवेबरोबर एकाच वेळी टोकाला पोहोचायचे असते, म्हणून ती वेगाने धावते, असे त्यात सांगतात. हे वर्गात सांगू नये. हवेच्या दोन कणांनी एकत्र पोहोचण्याचा करार केलेला नसतो. फुगीर बाजूला वेग जास्त आणि दाब कमी असतो हे खरे, पण त्यामागे हवेचे वळणे आहे, शर्यत नाही.

हा जोर साधारणपणे शिडाला काटकोनात असतो. होडीचे तोंड वाऱ्यापासून ६० अंश वळवले आहे आणि शिडाचा जोर होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, ७० अंशांच्या कोनात आहे असे धरू. जोर ३० किलो वजनाइतका आहे. त्याचे दोन घटक पाडले तर पुढे नेणारा घटक ३० × कोज्या ७०°, म्हणजे सुमारे १० किलो, आणि आडवा ढकलणारा घटक ३० × ज्या ७०°, म्हणजे सुमारे २८ किलो. पुढे १०, आडवे २८! निव्वळ शिडावर विसंबलेली होडी पुढे कमी आणि आडवी जास्त जाईल.

इथे पाण्याची भूमिका सुरू होते. एक ओला चिंचोका अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून जोरात दाबा. दोन्ही बोटे आडवी दाबतात, पण चिंचोका सटकतो तो पुढे. अंगठा म्हणजे वारा आणि तर्जनी म्हणजे पाणी. होडीचा तळ लांबट आणि अरुंद असतो. पुढे जाताना तो पाणी सहज कापतो, पण आडवे सरकायचे तर त्याला लांबीभर पाणी बाजूला सारावे लागते. तळाच्या मध्यातून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारी जाड तुळई, जिला पठाण म्हणतात, ती हा आडवा विरोध आणखी वाढवते. वाऱ्याचा आडवा जोर पाणी परतवून लावते आणि उरतो तो पुढचा १० किलोंचा जोर. होडी चालते ती दोघांच्या चिमटीत. नुसता वारा असून भागत नाही. नुसत्या वाऱ्यावर फुगा उडतो, त्याला दिशा नसते.

वर्गात हे करून पाहता येते. आम्ही एका जुन्या रबरी स्लिपरचा तळ होडीच्या आकारात कापला. मध्ये झाडूची काडी खोचली आणि पोस्टकार्डाचा तिकोनी तुकडा शीड म्हणून चिकटवला. मोठ्या परातीत ही होडी ठेवून बाजूने टेबलपंख्याचा वारा दिला तर ती नुसती आडवी घसरत काठाला लागते. मग तळाला उभी चीर देऊन तिच्यात प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाची पट्टी बसवायची. आता तोच वारा, तेच शीड, पण होडी पुढे चालू लागते. शिडाचा कोन बदलत, होडीचे तोंड हळूहळू वाऱ्याकडे वळवत न्यावे आणि कुठपर्यंत ती चालते ते पाहावे. पंखा आणि पाणी यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे आणि पंख्याला हात शिक्षकांनीच लावावा. नळाच्या पाण्यात खरवईची मुले जे पाहतील ते वसईच्या समुद्रापेक्षा वेगळे नसेल.

दहा अंशांची किंमत

सरळ वाऱ्यात घुसता येत नाही, पण ६० अंशांच्या कोनात जाता येते. म्हणजे आधी डावीकडे तिरके, मग उजवीकडे तिरके, असे नागमोडी जायचे. अंतर किती पडेल? ६० अंशांची कोज्या अर्धी आहे, म्हणून वाऱ्याच्या दिशेने ४ किलोमीटर कमवायला ८ किलोमीटर चालावे लागेल. गंमत अशी, की दोन लांब वळणे घेतली काय किंवा वीस आखूड घेतली काय, बेरीज ८च येते. मुलांना चौकटीच्या कागदावर काढू द्यावे. कोज्या न शिकलेल्यांनाही पटते.

होडीचा वेग ताशी ५ किलोमीटर धरला तर ८ किलोमीटरना १ तास ३६ मिनिटे लागतील. दोनला वळलेले मित्र ३ वाजून ३६ मिनिटांनी किनाऱ्याला लागतील.

पण होडी जिकडे तोंड करते तिकडेच जाते असे नाही. तर्जनी कितीही घट्ट धरली तरी थोडी घसरतेच. होडी वाऱ्याखाली थोडी आडवी सरकत राहते. समजा हे सरकणे फक्त १० अंशांचे आहे. मग प्रत्यक्ष मार्ग वाऱ्यापासून ६० नव्हे, ७० अंशांवर. ७० अंशांची कोज्या ०.३४२. चालायचे अंतर ४ भागिले ०.३४२, म्हणजे सुमारे ११.७ किलोमीटर. वेळ २ तास २० मिनिटे. किनारा लागणार ४ वाजून २० मिनिटांनी. सरकणे २० अंशांचे झाले तर अंतर २३ किलोमीटर! कोज्याचा हा स्वभाव मुलांना तक्त्यातून कळत नाही, असल्या गणितातून कळतो. कोन ९०च्या जवळ गेला की प्रत्येक अंश महाग होत जातो.

म्हणूनच नौका बांधणारा सुतार पठाणीकडे इतके लक्ष देतो. सातपाटीच्या लाकडी नौकांची सरळ पठाण प्रसिद्ध आहे. ती आणखी खोल का करत नाहीत? कारण याच नौका ओहोटीला वाळूवर, चिखलावर टेकवायच्या असतात. खोल पठाणीची नौका समुद्रात गुणाची आणि किनाऱ्यावर अडचणीची. कामाच्या वस्तूत असा सौदा नेहमीच दडलेला असतो.

साडेतीन की चार-वीस, एवढा फरक का मोजायचा? तिथी पंचमी आहे म्हणून.

मुंबई परिसरात भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीचे घड्याळ मिळते. पंचमीला ५ × ३/४, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. यामागचा हिशेब सोपा आहे. चंद्राच्या एका फेऱ्यात, म्हणजे ३० तिथींत, भरतीची वेळ २४ तास पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला सरासरी ४८ मिनिटे. पाऊणपटीत ती ४५ धरली आहेत. मग पाऊणपटीऐवजी चारपंचमांश घ्यावे का? आमच्या मते ठोकताळा करणाऱ्यांनी विचारपूर्वक निवड केली असावी. उधाणाच्या आसपासच्या दिवसांत भरती रोज सरासरीपेक्षा कमी मिनिटांनी पुढे सरकते आणि भांगाच्या आसपास ती जास्त सरकते. शिवाय पाऊणपट तोंडी करता येते. वर्तमानपत्रात किंवा पंचांगात भरतीच्या वेळा असतात. महिनाभर त्या लिहून काढून ठोकताळा किती मिनिटांनी चुकतो याचा आलेख मुलांकडून काढून घ्यावा. अर्धा-पाऊण तास चूक सापडेल, आणि चूक कुठल्या तिथींना मोठी होते तेही दिसेल.

पावणेचारपर्यंत पाणी खाडीत शिरते आहे, म्हणजे मित्रांना घराकडे नेते आहे. त्यानंतर ते वळणार आणि उल्हासचे, कामवारीचे आणि सगळ्या खाडीचे पाणी त्यांच्या तोंडावर बाहेर वाहू लागणार. पाणी वळल्याबरोबर जोर धरत नाही, थोडा वेळ थबकते. तरीही ३:३६ म्हणजे भरतीच्या नऊ मिनिटे आधी आणि ४:२० म्हणजे भरतीनंतर पस्तीस मिनिटे. जो उशीर करतो त्याचा वेग ओहोटी खाते, वेग कमी झाला की उशीर वाढतो आणि तोवर ओहोटीचा जोरही वाढतो. दहा अंशांची किंमत ही अशी वाढत जाते.

पाच माणसे म्हणजे पाच वजने

आडव्या जोराचे आणखी एक काम असते: होडी कलंडवणे. २८ किलोंचा आडवा जोर शिडावर लागतो आणि त्याला परतवणारा पाण्याचा जोर तळाशी. दोन्हींत अडीच मीटर उभे अंतर धरले तर परिबल २८ × २.५, म्हणजे ७० किलो-मीटर. होडी जरा कलते आणि तिचा स्वतःचा आकार, तसेच तळाशी भारासाठी ठेवलेले दगड (त्यांना नीरम म्हणतात) तिला सावरतात. बाकीचे काम माणसे करतात. ६० किलोंचे तिघे जण मध्यापासून वाऱ्याच्या बाजूला ४० सेंटिमीटर सरकले की १८० × ०.४, म्हणजे ७२. हिशेब जुळला! होडीतला मित्र प्रवासी नसतो, तो तराजूतले वजन असतो. म्हणून तांडेलाने 'वर या' म्हटले की का, असे विचारायचे नसते.

आता वाऱ्याचा झोत आला आणि वेग दीडपट झाला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीडचा वर्ग सव्वादोन, म्हणून ७०चे परिबल एकदम १५७ होते. तिघांना आणखी बाहेर सरकायला जागा कुठे आहे? अशा वेळी एकच उपाय: शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याचा दोर सैल सोडायचा. शीड फडफडते, जोर जातो, होडी सरळ होते. जुन्या खलाशांची शिस्त अशी की हा दोर जोराच्या वाऱ्यात पक्का बांधायचा नाही, एक वेढा देऊन हातातच धरायचा. गाठ सोडवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही समुद्र देत नाही. (आजच्या काळात होडीत बसताना प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवेच, हौशी मंडळींना तर विशेष.)

कोकणच्या दक्षिण भागातल्या लहान होड्यांनी या वजनाच्या प्रश्नावर वेगळाच उपाय शोधला आहे: उलांडी. होडीच्या एका बाजूला दोन आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांच्या टोकाला एक लांब लाकूड बांधलेले असते. ते बाजूला अडीच मीटर असेल आणि १५ किलोंचे असेल तर पाण्याबाहेर उचलले जाताना ३७ किलो-मीटरचे परिबल देते, माणसाने जागचे न हलता. आणि दुसऱ्या बाजूला कल झाला तर तेच लाकूड पाण्यात बुडू पाहते आणि तरंगण्याच्या जोराने होडीला वर उचलते.

सगळ्यांत अवघड क्षण मात्र वळण्याचा. आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्यासारख्या नौकांची डोलकाठी पुढे झुकलेली असते आणि शीड एका लांब तिरक्या काठीला, परबाणाला, बांधलेले असते. ही तिरकी ताठ कड वारा स्वच्छ कापते, म्हणून असे शीड वाऱ्याच्या जवळ जाऊ शकते. चौकोनी शीड इतके जवळ जाऊ शकत नाही. पण गुणाबरोबर दोषही आला. बाजू बदलताना सगळे परबाण डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यावे लागते. बहुधा होडीचे तोंड वाऱ्यापासून दूर फिरवून, वारा पाठीवर घेऊन हे वळण घेतात. तेव्हा एक जण सुकाणूवर, एक जण परबाणाच्या खालच्या टोकाशी, एक जण मोकळा दोर घेऊन डोलकाठीच्या पुढून पलीकडे जाणारा, चौथा डोलकाठीला आधार देणारे दोर एका बाजूचे सोडून दुसऱ्या बाजूला ताणणारा, आणि पाचवा वजन घेऊन मध्यात. यातला एक जरी आधी किंवा नंतर हलला तर वारा शिडाच्या चुकीच्या बाजूला भरतो, शीड डोलकाठीवर दाबले जाते आणि होडी उलटू शकते.

शिवाय प्रत्येक वळणात होडी वाऱ्याखाली घसरते. १०० मीटर गमावले तर ७० अंशांच्या मार्गावर ते परत मिळवायला सुमारे ३०० मीटर चालावे लागते. म्हणून कागदावर वीस वळणे आणि दोन वळणे सारखी असली तरी समुद्रावर नसतात. मग एकच वळण घ्यावे का? तसे केले तर मधल्या टोकाशी आपले मित्र साडेपाच किलोमीटर उत्तरेला, अर्नाळ्याच्या वाटेवर असतील. वारा मध्येच बदलला तर तो फायद्याचा की तोट्याचा हे नशिबावर. तांडेलाचे कौशल्य या दोहोंच्या मधला आकडा निवडण्यात असते, आणि तो आकडा सूत्रातून येत नाही.

ही विद्या आपल्या भागाला परकी नव्हती. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीवर जहाजबांधणी सुरू केली. म्हणजे खरवईवरून वाहून गेलेल्या पाण्यावरच. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मासेमारी नौकांना इंजिने बसत गेली आणि शीड हळूहळू उतरले. यात हळहळण्यासारखे फारसे नाही. इंजिनाने अनेक जीव वाचवले आहेत आणि खारे वारे न सुटल्याने कुणाचे घर आता उपाशी राहत नाही. पण शिडाचे कसब हातातून हातात जाते, पुस्तकातून नाही. एक पिढी मधून गळली की ते पुन्हा शिकणे फार कष्टाचे होते. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेली, काथ्याने फळ्या शिवलेली 'कौंडिण्य' ही नौका २०२५ मध्ये भारतीय नौदलात आली. २९ डिसेंबर २०२५ रोजी ती पोरबंदरहून निघाली आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचली. तिच्या खलाशांना चौकोनी शिडे हाताळण्याची रीत जवळजवळ मुळापासून बसवावी लागली, कारण शिकवणारे कुणी उरले नव्हते. त्यांनी निवडलेला हंगामही पाहण्यासारखा आहे: ईशान्येचे मोसमी वारे, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्यांच्या पाठीशी आणि बाजूला.

आता पुन्हा आपले पाच मित्र. दुपारी दोन वाजता वारा पूर्वेऐवजी नेमका ईशान्येचा झाला असता तर? हे गणित मुलांना सोडवायला द्यावे. एक किलोमीटरला एक सेंटिमीटर धरून होडीची जागा आणि पूर्वेला ४ सेंटिमीटरवर बंदर मांडावे. ईशान्येकडून वारा दाखवावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ७० अंशांच्या रेषा काढाव्यात. एक रेषा जवळजवळ पूर्वेला, थोडी दक्षिणेकडे झुकलेली निघेल, तीवर बराच वेळ चालायचे. दुसरी उत्तरेकडची, तीवर थोडे. मोजल्यावर पहिली धाव सुमारे ५.६ आणि दुसरी २.६ सेंटिमीटर भरते. एकूण सव्वाआठ किलोमीटर. ताशी पाचने किती वाजतील, आणि पावणेचारला किती मिनिटे उरतील, हे मुलेच सांगतील.